गालगुंड, गलगंड आणि मंगनबावू

गालगुंड आणि गलगंड हे दोन वेगळे आजार आहेत, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. गालगुंड पोराबाळांना होतं. गाल फुगतात, ताप येतो, आठ-दहा दिवसांत उतरतो. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती वाढून गाठ दिसायला लागते ते. मी शाळेत मुलींना शुद्धलेखन शिकवायची, वेलांटी चुकली तर दहादा लिहून घ्यायची. पण आमच्या घरात हे दोन शब्द कुणीही कशालाही वापरायचं आणि मीही ऐकून घ्यायची. "एकच की ते," असं आमचे हे म्हणायचे. "गाल काय आन् गळा काय, सूज ती सूज."

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. मी आता ठणठणीत आहे. मध्यंतरी शाळेतल्या एका बाईंची बहीण गळ्याला रुमाल गुंडाळून माझ्याकडे आली होती, काय काय झालं ते विचारायला. दोन तास बोलत बसलो. जाताना ती म्हणाली, हे सगळं लिहून ठेवा. म्हणून लिहायला बसले. डॉक्टरीतलं मला फारसं कळत नाही. माझ्या अंगावर जे गेलं तेवढंच सांगते.

तिसरीचा वर्ग

आमचं घर शाहूपुरीत, माझी शाळाही तिथंच. त्या वर्षी श्रावणात माझा तिसरीचा वर्ग निम्मा रिकामा झाला. ज्या मुली येत होत्या त्यांतल्याही दोघी-तिघी गाल फुगवून यायच्या. माझी पाच वर्षांची गौरी आधी पडली आणि तिच्यामागोमाग मी. मला लहानपणी गालगुंड झालं नव्हतं, ते असं उशिरानं वसूल झालं.

मला बघायला आलेले पाहुणे आधी हसायचे आणि मग चौकशी करायचे. अव्वा मात्र हसल्या नाहीत. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर कुरुंदवाडच्या पलीकडं, घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. माझं माहेर सातारा. दोन्हीकडं शिवपूजा तीच, रीतभात तीच, पण मला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. अव्वांनी मला आणि गौरीला कुंभार गल्लीत नेलं. तिथल्या एका आजीनं चाकावरची ओली माती दोघींच्या गालांना थापली. मी शिकलेली बाई, मला लाज वाटत होती की वर्गातली एखादी मुलगी बघेल. पण माती गार होती आणि त्या ठणक्यावर फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. दहा दिवसांत सूज उतरली. डॉक्टरकडं जावंच लागलं नाही.

हे पुढं नडणार होतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मला गालगुंड झाल्याचं ठाऊकच नव्हतं.

माझा मलाच राग

गणपतीनंतर गळा दुखायला लागला. घसा नव्हे, गळा. बाहेरून बोट लागलं तरी कळ यायची आणि ती थेट कानात चढायची. मला वाटलं अक्कलदाढ असेल. संध्याकाळी कणकण भरायची. मग छातीत धडधड सुरू झाली. वह्या तपासत नुसती बसलेली असले तरी जिना चढून आल्यासारखी धाप. फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, शिरोरेघ वाकडी जायची आणि मुली एकमेकींना कोपर मारायच्या. पंख्याखाली बसून घाम यायचा. दोन वेळा पोटभर जेवत होते आणि पोलकी सैल होत होती.

याहून वाईट म्हणजे माझा स्वभाव. मी मूळची तापटच. पण त्या दिवसांत जिभेला काही धरबंधच राहिला नाही. गौरीला मारलं. यांच्याशी दोनदा भांडले, एकदा तर मीठ कमी पडलं एवढ्यावरून, आणि स्वयंपाक मीच केला होता.

एका दुपारी अव्वा आणि त्यांची बहीण मागल्या सोप्यात कानडीत बोलत बसल्या होत्या. मधे माझं नाव आलं. मी हातातला तांब्या दाणकन ठेवला आणि म्हणाले, माझ्या घरात, माझ्याविषयी, मला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं नाही. पाहुण्या बाईंसमोर म्हणाले. 

"बरं," अव्वा म्हणाल्या. "तुझ्यासमोर कानडी बोलणार न्हाय मी."

अव्वा शब्दाच्या पक्क्या. त्या दिवसापासून मी खोलीत आले की त्यांचं कानडी बंद. मोजतानासुद्धा त्या मराठीत मोजायच्या आणि मधेच अडखळायच्या. दोन दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतर घर इतकं गप्प झालं की नकोसं झालं, पण माघार कोण घेणार.

गाठ

गल्लीतल्या डॉक्टरांनी गळा दाबला तेव्हा मी ओरडलेच. त्यांनी पुन्हा हळू दाबून पाहिलं आणि ह्यांना बाजूला नेऊन बोलले. बाजूला नेऊन बोलले की काय समजायचं ते आपण समजतोच. घरी येताना रिक्षात मी विचारलं तर हे म्हणाले, "काय न्हाय, गाठ हाय जरा. मोठ्या दवाखान्यात दाखवू." मग घरापर्यंत दोघंही रस्त्याकडं बघत आलो.

त्या इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण चूक कुणाचीही होते आणि तिथंच ती सुधारलीही गेली. दाखल करून घेताना एका तरुण डॉक्टरनं माहिती लिहून घेतली. बाहेर मोठी रांग होती. मला गिळताना आणि बोलताना इतकं दुखत होतं की मी कुजबुजतच होते. त्यानं विचारलं, यापूर्वी काही झालं होतं का. मी म्हणाले, गालगुंड. त्यानं विचारलं, लहानपणापासून? मी म्हणाले, लहानपणी झालं नव्हतं. यातलं त्याला किती ऐकू गेलं देव जाणे. त्यानं इंग्रजीत भराभर लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. ते धारवाडकडचे. बोलणं शांत, मराठी स्वच्छ. कागद वाचून त्यांनी सांगितलं की गलगंड जुना आहे, आता एका बाजूला कडक झालाय, आत रक्त साकळलं असेल म्हणून दुखतंय, किंवा दुसरंही काही असू शकेल. काढून टाकलेला बरा. 'दुसरं काही' म्हणजे काय, हे विचारायची आमच्या दोघांचीही छाती झाली नाही. आणि ते 'जुना गलगंड' म्हणाले तेव्हा मी मान हलवली. मला वाटलं, श्रावणातल्या दुखण्याला ते असं म्हणताहेत.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या ग्रंथीच्या अगदी जवळून आवाजाची नस जाते. जपून करू, पण आवाजाला थोडा धोका असतो.

"मी शिक्षिका आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच सांगितलं," ते म्हणाले.

दुधातले थेंब

ऑपरेशनच्या आधी छातीची धडधड खाली आणायची होती. त्यासाठी दहा दिवस आयोडीनचे थेंब दुधातून घ्यायचे होते. दुधाला लोखंडी वास यायचा. पहाटे सिस्टर येऊन मनगट धरायच्या, घड्याळाकडं बघायच्या आणि आकडा लिहायच्या. सकाळी झाडलोट, मग चादरी, मग राउंड, दुपारी सगळा वॉर्ड पेंगलेला, चारला भेटायला येणारी माणसं. आजाऱ्याला कंटाळा येत नाही असं लोकांना वाटतं. मला भीती आणि कंटाळा दोन्ही एकदम आलं होतं.

दुपारी सगळ्या झोपल्या की मी माझ्या वर्गाची हजेरी घ्यायची. हजेरीपुस्तक जवळ नव्हतं, पण अडतीस नावं पाठ होती. ओठांतल्या ओठांत एकेक नाव घ्यायची आणि स्वतःचा आवाज ऐकायची. दहा दिवसांनी हा असेल की नाही कुणास ठाऊक. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण गौरीला पुढं लग्नात मंगलाष्टका म्हणायला आई उभी राहणार नाही, असलं काहीतरी दूरदूरचं मनात येऊन रडू यायचं. ती तेव्हा पहिलीतसुद्धा गेली नव्हती.

अव्वा रोज सकाळी मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन यायच्या आणि स्टुलावर संध्याकाळपर्यंत बसायच्या. डबा उघडायच्या, भरवायच्या, तोंड पुसायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. शेजारच्या खाटेवर चिकोडीकडच्या एक बाई होत्या, त्या कानडीत काही विचारायच्या. अव्वा मराठीत उत्तर द्यायच्या. मोठे डॉक्टर आणि सिस्टर माझ्या डोक्यावरून कानडीत बोलायचे आणि अव्वा, ज्यांना ते सगळं कळत होतं, भिंतीकडं बघत बसायच्या. त्या बाईंना वाटलं असेल, किती गर्विष्ठ म्हातारी. मला सगळं दिसत होतं. 'बोला हो अव्वा' एवढे तीन शब्द मी नऊ दिवसांत म्हटले नाहीत, याची लाज मला आजही वाटते.

हे रविवारी गौरीला घेऊन यायचे. "काय होत न्हाय," एवढं म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. पाठमोरे दिसायचे. त्यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला होता, माझ्याबरोबर तेही वाळले होते.

आदला दिवस

दहाव्या दिवशी सकाळी हे आणि अव्वा दोघंही हजर होते, कारण सही करायची होती. मोठे डॉक्टर आले, बरोबर तो तरुण डॉक्टर. उद्या आठ वाजता, असं सांगून झालं. मग ते सहज ह्यांना म्हणाले की लहानपणापासूनचा गलगंड, एवढी वर्षं अंगावर काढायला नको होता.

अव्वांनी मान वर केली.

"लहानपणापास्नं? न्हाय की. श्रावणात झालतं."

डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले, आजी, श्रावणात दुखायला लागलं असेल, गलगंड जुना आहे. त्यावर हे मधे पडले, की गलगंड म्हणजे तेच की, गालगुंड. आता डॉक्टरांना वाटलं, घरच्यांना शब्द नीट येत नाही. त्यांनी सहीचा कागद पुढं केला.

अव्वांनी माझ्याकडं बघितलं.  मग त्या डॉक्टरांकडं वळल्या आणि इतके दिवस तोंडात धरून ठेवलेली भाषा बोलल्या.

"इकीगे मंगनबावू आगित्तरी."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी कानडीत काही विचारलं. अव्वांनी उत्तर दिलं. आणखी विचारलं. मग अव्वा सुटल्याच. दोन्ही तळवे गालांवर ठेवून किती सूज होती ते दाखवलं, हात कमरेशी धरून गौरीची उंची दाखवली, बोटांनी गालावर माती लावून दाखवली. मला त्यातलं 'गौरी' आणि 'कुंभार' एवढंच कळत होतं. शेजारच्या बाई खाटेवर उठून बसल्या होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं.

डॉक्टर माझ्या खाटेवर टेकले. त्यांनी पुन्हा गळा तपासला, या वेळी फार सावकाश. कळ कानात जाते का विचारलं. रोज संध्याकाळी ताप येतो का विचारलं. मग तरुण डॉक्टरला कागदातली 'लहानपणापासून गलगंड' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवली. त्याचा चेहरा उतरला.

मंग म्हणजे माकड आणि बावू म्हणजे सूज, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. गाल फुगून तोंड माकडासारखं दिसतं, म्हणून कानडीत गालगुंडाला मंगनबावू म्हणतात. ज्या विषाणूनं गाल सुजतात तोच कधीकधी थायरॉइडपर्यंत पोचतो. मग ती सुजते, दुखते आणि तिच्यात साठवलेला रस एकदम रक्तात सांडतो. धडधड, थरथर, घाम, वाळणं, सगळं त्यामुळं. चिडचिडसुद्धा, असं ते म्हणाले तेव्हा मी यांच्याकडं बघितलं.

"मग उद्या?" ह्यांनी विचारलं.

"उद्या काही नाही. हे कापायचं दुखणं नाही, थांबायचं आहे. आधी रक्त तपासून खात्री करू."

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मी विसरणार नाही. मी कागद वाचला, माणसाला विचारलं नाही, ही माझी चूक, असं ते मला म्हणाले. अव्वांना ते कानडीत काय म्हणाले मला कळलं नाही, पण त्यांनी हात जोडलेले मी पाहिले.

ते गेल्यावर हे गौरीला आणायला म्हणून घाईघाईनं निघून गेले. तिची बालवाडी सुटायला अजून दोन तास होते. आम्ही दोघीच उरलो. मी विचारलं, "अव्वा, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू नको म्हनलीस की."

मला हुंदका आवरेना. दुखऱ्या गळ्यानं रडणं हा काय प्रकार असतो ते ज्याला झालंय त्यालाच माहीत. अव्वा म्हणाल्या, कागदात काय लिवलंय ते मला तरी कुठं ठावं होतं, आज कानावर पडलं. मग पदरानं माझं नाक पुसलं, गौरीचं पुसतात तसंच, जरा जोरात.

उलटी बाजू

रक्ताच्या तपासणीत डॉक्टरांना हवी होती ती खूण मिळाली. ॲस्पिरिनच्या गोळ्यांनी आठवड्यात ठणका गेला आणि मी घरी आले. गाठ हळूहळू विरली. थायरॉइडसाठीचं रक्त मुंबईला पाठवायचे आणि उत्तर यायला काही आठवडे लागायचे. पहिला रिपोर्ट आला तेव्हा मी त्या अवस्थेतून बाहेरही पडले होते.

वाटलं, सुटलो. पण सुटलो नव्हतो. संक्रांतीच्या सुमारास सगळं उलटं फिरलं. आता थंडी वाजायला लागली, इतकी की होळी झाली तरी अंगावर शाल. चेहरा सुजट, पाय जड, कंगव्यात केसांचा पुंजका. एक वाक्य बोलून दुसरं आठवायला वेळ लागायचा. आणि आवाज जाडाभरडा झाला. गौरी म्हणाली, आई, तू बाबांसारखी बोलतीस. मी कोपऱ्यात जाऊन अडतीस नावं घेतली आणि मलाच तो आवाज ओळखू येईना. ऑपरेशन टळलं तरी आवाज गेलाच, असं मी धरून चालले.

मोठ्या डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. पिंप सांडून रिकामं झालंय, ते म्हणाले, आता भरायला वेळ लागेल. बहुतेकांचं भरतं. थोड्यांचं भरत नाही, त्यांनी रोज एक गोळी घ्यायची आणि खुशाल जगायचं. मला काही महिने गोळी दिली. माझं पिंप कुठल्यातलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, बघू.

या 'बघू'चे महिने घराला जड गेले. माझी चिडचिड ह्यांनी सोसली होती, पण माझा मंदपणा त्यांना सोसवेना. एकदा म्हणाले, आधी निदान घरात आवाज तरी होता. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर आले आणि गौरीची वेणी घालायला बसले. वेणी आली नाही, पण बसले. शाळेत मोठ्या बाईंनी माझा वर्ग दुसऱ्या कुणाला कायमचा दिला नाही, रोज कुणालातरी पाठवून चालवला.

आणि अव्वा. दर शनिवारी शिकेकाई उकळून माझं डोकं धुवायच्या आणि गळलेले केस मला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवायच्या. एका शनिवारी डोकं त्यांच्या हातात असताना मी म्हणाले, अव्वा, मला कानडी शिकवा. त्या म्हणाल्या, आधी डोळे मीट, शिकेकाई जाईल. मग न्हाऊ घालता घालता पाण्याला काय म्हणतात ते सांगितलं.

पुढच्या दसऱ्याच्या आत गोळी बंद झाली. मुंबईहून आलेला शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, भरलं. त्याआधीच मी शाळेत जायला लागले होते. एका दुपारी वर्गात गोंधळ झाला आणि मी "गप्प बसा" म्हणाले. शेजारचे दोन वर्गही गप्प झाले. शिपाई दारातून डोकावून गेला. मी खुर्चीवर बसले आणि मुलींना वाटलं, बाई फारच चिडल्यात.

एवढंच सांगायचं

गळ्याला सूज आली म्हणजे सगळं संपलं असं समजू नका, आणि आपोआप जाईल म्हणून घरीही बसू नका. डॉक्टरला मागचं सगळं सांगा, कुंभार गल्लीतली मातीसुद्धा, लाज वाटली तरी. तुमच्या घरात ज्या शब्दानं दुखणं ओळखतात त्या शब्दानं सांगा. कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा. आणि त्या महिन्यांत तोंडून जे जाईल त्याची माफी लवकर मागा. मला नऊ दिवस जास्त लागले.

अव्वा आता थकल्यात. दोन्ही कान अधू झालेत. जवळ जाऊन हळू बोललेलं काही पोचत नाही, स्वयंपाकघरातून मोठ्यांदा हाक मारावी लागते. मी रोज दोन वेळा सगळ्या सोप्याला ऐकू जाईल असं ओरडते, "ऊटा माडरी, अव्वा," म्हणजे जेवायला बसा. त्या तिथूनच हात हलवतात. परवा समोरच्या बाई म्हणाल्या, अहो, तुमचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो.

मी म्हटलं, येऊ दे.